क्राकुफमध्ये दोघांसाठी दोन दिवस: काय ठेवावं, काय सोडावं?

पंचगंगा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतील. लेक सात वर्षांची आहे आणि ती झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठेही गेलेलो नाही. या वेळी माझी धाकटी बहीण बर्लिनला येऊन तिच्यापाशी राहणार आहे. शुक्रवारी रजा टाकून सकाळच्या रेल्वेने क्राकुफ गाठायचं आणि सोमवारी परत, असं ठरलंय. थेट गाडी आहे, सातेक तास लागतात. म्हणजे हातात पूर्ण दिवस दोनच: शनिवार आणि रविवार.

क्राकुफच का? माझ्या आजीचं माहेर वळिवड्याजवळचं. ती लहान असताना तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. 'त्या गोऱ्या बायका बाजाराला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या' असं ती सांगायची. पोलंड हे नाव मी शाळेतल्या नकाशाच्या आधी तिच्या तोंडून ऐकलं. त्यामुळे त्या देशातलं एक जुनं शहर सावकाश बघावं असं फार दिवसांपासून मनात आहे.

अडचण अशी की नवऱ्याने तक्ता तयार केलाय: शनिवारी सकाळी आउशविट्झ (नाझींची छळछावणी), दुपारी मिठाची खाण, संध्याकाळी वावेलचा किल्ला. रविवारी जुनं शहर, युद्धात ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलरचा कारखाना, दोन संग्रहालयं, ज्यू वस्ती. वाचूनच धाप लागते. तो पक्का शाकाहारी आहे, मला अंडं चालतं. काय ठेवू आणि काय सोडू? राहायचं कुठे?

सह्यकडा

तुमच्या यजमानांचा तक्ता मला तरी ठीक वाटतोय. आउशविट्झ सोडू नका. क्राकुफपासून ते साधारण 70 किलोमीटरवर आहे, एवढ्या जवळ जाऊन न बघता परत येणं मला पटत नाही. प्रवेश मोफत आहे, पण नावानिशी वेळ आधीच आरक्षित करावी लागते. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या भरून जातात, तेव्हा आजच बघा.

विस्वाकाठी

पंचगंगा, आधी दोघांचं अभिनंदन!

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं क्राकुफमध्ये आहे. भारतातून पाहुणे येतच असतात, त्यामुळे हे 'दोन दिवसांत काय दाखवायचं' गणित बऱ्याचदा सोडवलंय. जरा सविस्तर लिहिते.

सह्यकडा, तुमचा मुद्दा मला कळतो, तरी माझं मत वेगळं आहे. आउशविट्झ आणि तिथलीच दुसरी छावणी बिर्केनाउ, दोन्ही नीट बघायला साडेतीन तास लागतात, जाण्यायेण्याचे तीन वेगळे. वेळेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथून परत आल्यावर माणूस बोलत नाही. मी तीनदा गेले आहे, तिन्ही वेळा तो दिवस तिथेच संपला. त्याच संध्याकाळी लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण ठेवलं तर दोन्हींवर अन्याय होतो. त्या जागेसाठी वेगळे या, मागेपुढे काहीही न ठेवता. क्राकुफ शहरातच पोदगुझे भागात तो इतिहास आहे, त्याबद्दल खाली लिहिते.

राहायचं: मुख्य चौकावर तोंड असलेली खोली घेऊ नका. शनिवार-रविवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करायला बाहेरून तरुणांचे घोळके येतात, पहाटे तीनपर्यंत आवाज असतो. काझिमिएशमध्ये, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, पण नदीच्या बाजूच्या गल्लीत घ्या. चौकापासून वीस मिनिटं चालत.

आता दिवस कसे लावायचे. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: रविवारी सकाळी इथली चर्च खरोखरच प्रार्थनेला भरलेली असतात. मारियात्स्की चर्च पर्यटकांना दुपारनंतर उघडतं, वावेलचं कॅथेड्रल साडेबारानंतर. त्यात 2018 पासून रविवारी दुकानांना बंदीचा कायदा लागू आहे, मोजके रविवार सोडले तर मोठी दुकानं बंद. कोपऱ्यावरची छोटी दुकानं उघडी असतात, पण खरेदी करायची तर शनिवारीच करा. म्हणून जुनं शहर शनिवारी घ्या आणि रविवारी सकाळी शहराबाहेर पडा.

शनिवारी नऊच्या आत मुख्य चौकात पोचा. 1257 साली शहराला सनद मिळाली तेव्हा आखलेला हा चौक, एकेक बाजू सुमारे 200 मीटर. इतक्या सकाळी कबुतरं, फुलवाल्या आणि ओब्वाझानेकच्या निळ्या गाड्या एवढंच असतं. ओब्वाझानेक म्हणजे पीळ दिलेलं कडं, आधी गरम पाण्यातून काढून मग भाजतात. वरून खसखस, तीळ किंवा मीठ. खसखशीचं घ्या, सकाळचंच घ्या. दुपारपर्यंत ते चिवट होतं.

दर तासाला मारियात्स्कीच्या उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि सूर मध्येच तुटतो. तातारांच्या हल्ल्यात इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण शिरला आणि सूर तिथेच थांबला, अशी दंतकथा आहे. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. दुपारी बाराची तुतारी पोलंडच्या रेडिओवर देशभर ऐकू जाते. ती संपल्यावर खिडकीकडे बघून हात हलवा. तो जवानही हात हलवतो.

पण बाराच्या आधी तुम्हाला चर्चच्या आत असायचंय. शिल्पकार वित स्तफोशने 1477 ते 1489 अशी बारा वर्षं खपून केलेली वेदी तिथे आहे, 13 मीटर उंच, लिंडेनच्या लाकडात कोरलेली. तिचे दरवाजे सकाळी मिटलेले असतात आणि अकरा पन्नासला एक सिस्टर येऊन लांब काठीने ते उघडते. मधल्या दृश्यात मेरी गुडघ्यांवर कोसळते आहे आणि भोवती प्रेषित. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचे हात बघा. शिरा वर आलेल्या, बोटांची पेरं जाड झालेली, आयुष्यभर काम केलेल्या माणसाचे हात. युद्धात नाझींनी ही वेदी सुटी करून न्युरेनबर्गला नेली होती, 1946 साली परत आली. माझं ऐकाल तर शनिवारी सकाळी एवढीच गोष्ट करा, पण नीट करा. साडेअकरालाच जाऊन पुढची जागा धरा.

(बाकीचं रात्री लिहिते.)

कांदेपोहे७

आम्ही दोघं गेल्या वर्षी जाऊन आलो, वय माझं 66, सौभाग्यवतींचं 63. खाण्याबद्दल आणि खाणीबद्दल लिहितो.

पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या समजा. त्यातले 'रुस्किए' नावाचे मागा, आत बटाटा, कांदा आणि पनीरासारखं चीज असतं. सारण शाकाहारी, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पसरतात! पहिल्या दिवशी आमच्यापुढे तशीच ताटली आली. मागवताना 'बेझ स्क्फारेक' म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. परतलेला कांदा घालून देतात, छान लागतं. बटाट्याची धिरडी मिळतात, त्यांना प्लात्सकी म्हणतात, सोबत आंबट साय. झुरेक नावाचं आंबट पिठाचं सूप असतं, त्यात सॉसेज असतं, तेव्हा तुमच्या यजमानांना ते वर्ज्य. बीटाचं बार्श्च बऱ्याचदा मांसाच्या रश्शात करतात, विचारून घ्या. 'बार म्लेच्नी' म्हणजे कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या स्वस्त खाणावळी, तिथे आम्ही दोन वेळा पोटभर जेवलो. खिडकीवर जाऊन ताट घ्यायचं, जेवून झालं की ताट परत नेऊन ठेवायचं. काझिमिएशला प्लाट्स नोवी नावाच्या चौकात मधोमध एक गोल इमारत आहे, तिच्या खिडक्यांतून झापेकांका देतात. हातभर लांब पाव, वर मशरूम आणि चीज, भट्टीतून काढलेला. एक दोघांत पुरतो.

व्येलीच्काची खाण मात्र सोडू नका. मुख्य स्थानकावरून लोकल मिळते, अर्ध्या तासाच्या आत गाव येतं. सुरुवातीलाच 380 लाकडी पायऱ्या उतरायच्या, एकूण फेरीत 800 च्या आसपास होतात. वर यायला लिफ्ट आहे. माझे गुडघे दुखरे आहेत तरी जमलं, कारण जवळपास सगळं उतरणंच आहे. आत सतरा-अठरा अंश, जाकीट न्या.

तिथे 101 मीटर खोल संत किंगाचं चर्च आहे. जमीन मिठाची, भिंती मिठाच्या, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. खाणकामगारांनी 1896 पासून पुढे कित्येक दशकं ते कोरलं. आमच्या मार्गदर्शक बाईंनी किंगाची गोष्ट सांगितली. हंगेरीच्या राजाची ही लेक, क्राकुफच्या बोलेस्वाफला दिलेली. सासरी मीठ नाही म्हणून तिने वडिलांकडे मिठाची खाण मागितली आणि साखरपुड्याची अंगठी तिथल्या खाणीत टाकली. इकडे येऊन एका जागी खणायला लावलं, तर पहिल्याच मिठाच्या ढेकळात तीच अंगठी. सौभाग्यवतींनी ही गोष्ट ऐकताना माझा हात धरला होता. एवढंच लिहितो.

विस्वाकाठी

कांदेपोहेकाका, किती छान लिहिलंत. खाणीबद्दल पूर्ण सहमत, रविवारी सकाळची पहिली किंवा दुसरी इंग्रजी फेरी घ्यावी. एकपर्यंत परत शहरात येता.

शनिवार दुपारसाठी एकच संग्रहालय सांगेन, चार्तोरिस्की. लिओनार्डोचं 'अर्मिन घेतलेली स्त्री' तिथे आहे (अर्मिन म्हणजे मुंगसासारखा एक छोटा प्राणी). चित्र अपेक्षेपेक्षा लहान, जेमतेम 54 बाय 39 सेंटीमीटर, अक्रोडाच्या फळीवर रंगवलेलं. अंधाऱ्या खोलीत ते एकटंच आहे. तिची मान वळलेली, कुणीतरी दाराशी आल्यासारखी, आणि त्या प्राण्याचीही त्याच बाजूला. वेळेचं तिकीट आधी काढा. तिथून बाहेर पडलात की प्लांती लागते. जुने तट एकोणिसाव्या शतकात पाडले आणि त्या जागी बाग केली, शहराभोवती चार किलोमीटरचं हिरवं कडं. ऑक्टोबरात पोलिश लोक 'सोनेरी पोलिश शरद' म्हणतात तो तुम्हाला मिळेल. पानं पिवळी, चेस्टनट खाली पडलेले. प्लांतीतून वावेलपर्यंत चालत जा.

वावेलमध्ये आत शिरायचं झालं तर राजवाड्याच्या दालनांची तिकिटं वेगवेगळी असतात आणि अख्खा दिवस जातो. तुम्ही अंगणात जा, कमानींखाली फिरा आणि बाहेर या. एक गंमत आपल्या लोकांना सांगते: अंगणाच्या एका कोपऱ्यातल्या भिंतीत पृथ्वीच्या सात चक्रांपैकी एक दगड आहे, आणि त्याचा संबंध शंकराशी आहे, असं इथे कित्येक दशकं मानलं जातं. लोक भिंतीला पाठ टेकून उभे राहतात. खाली नदीकाठी ड्रॅगनचा पुतळा आहे, थोड्या थोड्या वेळाने तोंडातून खरी आग काढतो. लेकीसाठी व्हिडिओ घ्या.

रविवार दुपारी पोदगुझे. काझिमिएशहून बेर्नातेकच्या पादचारी पुलावरून नदी ओलांडा. कठड्याला जोडप्यांनी लावलेली कुलुपं दिसतील आणि डोक्यावर तारांवर तोल सांभाळणारे कसरतपटूंचे पुतळे. पलीकडे मार्च 1941 मध्ये नाझींनी घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केला, मार्च 1943 मध्ये माणसं मारून आणि छळछावण्यांत पाठवून तो रिकामा केला. माणसांना जिथे गोळा करत त्या चौकात आता धातूच्या रिकाम्या खुर्च्या आहेत. कोपऱ्यावर 'गरुडाखालचं औषधालय' आहे, ताडेउश पांकिएविच हा पोलिश फार्मसिस्ट घेटोच्या आत राहून लोकांना मदत करत होता. ते छोटं संग्रहालय बघा. शिंडलरच्या कारखान्यात आता युद्धकाळातल्या क्राकुफचं मोठं संग्रहालय आहे, चांगलं आहे, पण गर्दीत दोन तास उभं राहावं लागतं. दोन्हींतलं एक करा.

सूर्यास्ताला क्राकुसच्या टेकाडावर चढा. मातीचा प्राचीन ढीग, 16 मीटर उंच, दहा मिनिटांत वर. तिथून सगळे मनोरे दिसतात.

जुनाबाजार

पंचगंगाताई, मी कोल्हापूरचा, म्हणून राहवत नाही.

वळिवड्याची छावणी 1943 ते 1948. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात आली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती, म्हणून बरीचशी इंग्लंड आणि इतर देशांत गेली. कोल्हापुरात महावीर गार्डनपाशी त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, सुट्टीत याल तेव्हा लेकीला दाखवा.

एक सांगतो, पोलंडमध्ये 'चांगला महाराजा' म्हणून ओळखतात ते जामनगरचे जामसाहेब, बालाचडीत मुलांना आसरा देणारे. लोक दोन्ही छावण्या एकच समजतात. कोल्हापूरची आठवण सांगणारं स्मारक वॉर्सात आहे, क्राकुफला नाही. पुढच्या खेपेला वॉर्सा करा, क्राकुफहून रेल्वेने अडीच तास.

सह्यकडा

विस्वाकाठी, आउशविट्झबद्दल पुन्हा वाचलं. मी मित्रांबरोबर गेलो होतो, त्या संध्याकाळी आम्ही न जेवता झोपलो हे खरं आहे. तरी माझं म्हणणं एवढंच की 'पुढच्या वेळी' म्हटलं की ते राहून जातं.

पंचगंगा

सह्यकडा, तुमची भीती रास्त आहे, म्हणून आम्ही ते वाऱ्यावर सोडलं नाही. मार्चमध्ये नवऱ्याचे वडील येणार आहेत, ते इतिहासाचे शिक्षक होते. त्यांना घेऊन त्या एका जागेसाठी जायचं ठरवलं आणि तारीखही आरक्षित केली. आता तक्ता फाडलाय. पैशांबद्दल कुणी सांगेल का?

कांदेपोहे७

तिथे युरो नाही, झ्वोटी. सगळीकडे कार्ड चालतं. यंत्र 'तुमच्या चलनात घेऊ का' असं विचारेल, नको म्हणून झ्वोटीच निवडायचं. पैसे बदलायच्या दुकानांना कांतोर म्हणतात. पाटीवर खरेदीचे आणि विक्रीचे दोन्ही दर लिहिलेले असले तरच आत जा. आम्ही घाईत एका ठिकाणी एकच दर बघून नोटा दिल्या आणि बरंच नुकसान झालं. ट्रामचं तिकीट मिनिटांवर असतं. कागदी तिकीट आत चढल्याबरोबर छापून घ्यायचं, नुसतं खिशात असून उपयोग नाही.

पंचगंगा

काल रात्री परत आलो. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

शनिवारी साडेअकराला चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसलो. सिस्टर आली, काठी लावली आणि दरवाजा अगदी हळू सरकला. आतल्या सोन्यावर उजेड पडला तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. विस्वाकाठी, तुम्ही सांगितलेले हात शोधले. मला माझ्या आजीचे दिसले, तशीच पेरं. नवरा काही बोलला नाही, पण निघायची घाई त्याने एकदाही केली नाही, आणि ज्याने तक्ता केला होता तो माणूस तिथे पाऊण तास बसला.

दुपारी चित्र, मग प्लांती. वावेलच्या अंगणात दोघंही भिंतीला पाठ टेकून उभे राहिलो. दगड गार होता. एवढं मात्र खरं की पाच मिनिटं आम्ही डोळे मिटून शेजारी शेजारी उभे होतो, आणि असं कधी उभे राहिल्याचं मला आठवत नाही. रात्री प्लाट्स नोवीला एक झापेकांका दोघांत, बाकावर बसून. 'बेझ स्क्फारेक' दुसऱ्या दिवशी उपयोगी आलं. वाढणाऱ्या बाईने माझा उच्चार दोनदा म्हणवून घेऊन सुधारला.

रविवारी खाण. काका, अंगठीच्या गोष्टीच्या वेळी मी तुमची आठवण काढली. शिंडलरच्या कारखान्यात गेलो नाही, औषधालयात गेलो. बाहेर येऊन चौकातल्या खुर्च्यांपाशी थांबलो. एक आजोबा ट्रामची वाट बघत त्यातल्याच कडेच्या एका खुर्चीवर बसले होते, कारण तिथे थांबा आहे. आधी मला ते खटकलं. मग पाहिलं, की बाकीच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्या पिशवीतून भाजीची पात डोकावत होती. वळिवड्याच्या बाजारातून परत जाणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्या. टेकाडावर पोचलो तेव्हा सूर्य अर्धा बुडाला होता. तिथे मी नवऱ्याला आजीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. दहा वर्षांत त्या सांगायच्या राहून गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी सातला बॅगा घेऊन चौकातून गेलो. तुतारी तुटली, आम्ही हात वर केला. खिडकीतून हात हलला.

विस्वाकाठी

वाचताना डोळे भरून आले. मार्चला सासऱ्यांना घेऊन याल तेव्हा कळवा, जेवायला घरीच या. भाकरी आणि पिठलं करीन.

ओलापाऊस

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. आम्ही दोघं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातोय. हाच कार्यक्रम चालेल का?

विस्वाकाठी

चालेल, फक्त उजेडाचा हिशोब करा. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा टेकाड तीनलाच गाठा. मुख्य चौकात नाताळचा बाजार असतो. मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं ओस्त्सिपेक चीज निखाऱ्यावर भाजून क्रॅनबेरीच्या मुरंब्यासोबत देतात, ते जरूर खा. आणि जमलं तर गुरुवारीच या. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी लोक घरी केलेले शॉप्के घेऊन कवी मित्सकिएविचच्या पुतळ्यापाशी येतात. ख्रिस्तजन्माचे देखावे, पण क्राकुफच्या मनोऱ्यांच्या आकाराचे, रंगीत चांदीकागदाने मढवलेले. आपल्याकडे गणपतीची आरास करतात तितकीच हौस. 2018 मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. सकाळी दहाच्या आत पोचा. पायात लोकरी मोजे दोन जोड घाला, तिथे दगडावर बराच वेळ उभं राहावं लागतं.